उपास केव्हा करू नये

इ.स. २५९च्या जानेवारीतली गोष्ट. स्पेनमधल्या तारागोना शहराचा बिशप फ्रुक्तुओसुस आणि त्याचे दोन डीकन यांना जिवंत जाळण्याची शिक्षा झाली होती. शुक्रवारी सकाळी त्यांना अँफिथिएटरकडे नेत असताना वाटेत जमलेल्या बंधुजनांनी मसाला घातलेला द्राक्षारस पुढे केला. मरायला निघालेल्या माणसाला तेवढाच आधार. बिशपने तो घेतला नाही. उपास सोडायची वेळ अजून झालेली नाही, असं त्याने सांगितलं. दिवसाचा चौथा तास चालू होता, म्हणजे सकाळचे दहाच्या आसपास. उपास सुटायचा तो नवव्या तासाला, दुपारी तीनच्या सुमारास. त्याच आठवड्यातला बुधवारचा उपासही त्यांनी तुरुंगात रीतसर पाळला होता, असं त्यांच्या हौतात्म्याचा वृत्तांत सांगतो.

तोवर ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळालेली नव्हती. सगळ्या ख्रिस्तसभेला लागू होईल असे नियम करणारी परिषदही भरलेली नव्हती. तरी बुधवार, शुक्रवार आणि दुपारी तीन ही चौकट या बिशपच्या हाडीमांसी खिळली होती. ती कुठून आली, पुढे तिचं काय झालं, याचा माग काढताना एक गोष्ट सारखी समोर येते. उपास करा असं सांगणारी सुरुवातीची वचनं बरीचशी मोघम आहेत. उपास केव्हा करू नये, कुणी करू नये, कोणत्या मनाने करू नये, हे सांगणारे नियम मात्र नेमके आणि धारदार आहेत. खादाडांवर धर्मगुरू रागावत असत. खरी धास्ती त्यांनी घेतली होती ती उपास करणाऱ्यांची.

खुद्द येशूने उपासाचा वार, तिथी, प्रकार काहीच ठरवून दिलेला नाही. योहानाचे शिष्य आणि परुशी उपास करतात, मग तुझे शिष्य का करत नाहीत, असं लोकांनी विचारलं तेव्हा त्याने लग्नघराचा दाखला दिला: नवरदेव सोबत आहे तोवर वऱ्हाडी उपाशी कशाला राहतील? तो काढून नेला जाईल तेव्हा करतील की. मत्तयाच्या शुभवर्तमानात उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका, असा सल्ला येतो. रानातले चाळीस दिवस आहेत, पण तुम्हीही तसं करा अशी आज्ञा त्याला जोडलेली नाही. प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखियाची मंडळी उपास आणि प्रार्थना करून बर्णबा आणि शौल यांना कामगिरीवर पाठवते. भांडवल एवढंच. ते अपुरं पडलं म्हणून की काय, पुढच्या नकलाकारांनी त्यात भर घातली. मार्कच्या नवव्या अध्यायात काही भुतं फक्त प्रार्थनेने निघतात असं वाक्य आहे. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांत ते तेवढंच आहे. नंतरच्या शेकडो प्रतींत त्याला ‘आणि उपासाने’ जोडलेलं आढळतं.

वारांचा उगम दिदाखे नावाच्या छोट्या पुस्तिकेत सापडतो. पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची ही पुस्तिका शतकानुशतकं गहाळ होती. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये फिलोथेओस ब्रायेनिओस या ग्रीक धर्मपंडिताला १०५६ सालच्या एका हस्तलिखितात ती मिळाली, आणि दहा वर्षांनी त्याने ती छापली. तिचा आदेश असा: दांभिक लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. मत्तयाचा येशू दांभिकांसारखा चेहरा करू नका म्हणतो. दिदाखेचा लेखक म्हणतो, वार बदला. सोमवार-गुरुवार हे यहुदी भाविकांचे उपासाचे वार. म्हणजे नव्या पंथाला जुन्यापासून वेगळं दिसायचं होतं आणि त्यासाठी कॅलेंडर हे सगळ्यात सोयीचं हत्यार होतं. बुधवारी येशूला पकडण्याचा कट शिजला आणि शुक्रवारी तो क्रुसावर गेला, हे स्पष्टीकरण चौथ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियाच्या पीटरच्या पत्रात नीट मांडलेलं दिसतं. दिदाखेत त्याचा मागमूस नाही. वार आधी ठरले. कारण मागाहून चिकटलं.

दिदाखेत आणखी एक उपास आहे, बाप्तिस्म्याआधीचा. घेणाऱ्याने एक-दोन दिवस करायचा, देणाऱ्याने करायचा आणि ज्यांना जमेल त्यांनीही करायचा. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन हुतात्माही हेच लिहितो. नवख्या माणसासाठी जुन्यांनी उपाशी राहायचं, ही प्रथा मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर वाटते. तिच्याविषयी कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही.

त्याच सुमारास रोममध्ये हर्मास नावाच्या, एके काळी गुलाम असलेल्या माणसाने आपले दृष्टान्त लिहिले. ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे ते पुस्तक इतकं लोकप्रिय झालं की सिनाय हस्तलिखितात ते बायबलच्या पुस्तकांपाठोपाठ लिहिलेलं आहे. एका दृष्टान्तात हर्मास पहाटेच डोंगरावर बसून उपास करतो आहे. मेंढपाळाच्या रूपातला देवदूत येऊन विचारतो, इतक्या सकाळी इथे काय? माझा नेमाचा उपास आहे, असं हर्मास सांगतो. देवदूत म्हणतो, याला उपास म्हणत नाहीत. आधी वाईट कर्मांचा उपास कर. मग तो व्यवहाराला येतो: उपासाच्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घे. एरवी त्या दिवशी जे खाल्लं असतंस त्याला किती खर्च आला असता याचा हिशेब मांड, आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला दे.

हे कवित्व नव्हतं. त्याच शतकातला अथेन्सचा अरिस्टायडीस आपल्या लोकांची बाजू मांडताना सांगतो की, ख्रिस्ती लोकांत कुणी गरीब असला आणि इतरांपाशी देण्याजोगं शिल्लक नसलं, तर ते दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याच्या अन्नाची सोय करतात. ज्यांच्या घरात ज्यादा काही नाही त्यांना दानधर्मासाठी उरणारी एकच वस्तू म्हणजे स्वतःच्या ताटातला घास. पाचव्या शतकात पोप लिओ दर उपासाच्या हंगामात रोमकरांना हेच बजावतो: तुम्ही जे खाल्लं नाही ते गरिबाच्या पोटात गेलं पाहिजे. बिशपने मन मानेल तेव्हा उपास करायचा नाही, असाही एक जुना नियम ‘प्रेषितीय परंपरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात आहे. कारण साधं आहे. कुणी भाविक अर्पण घेऊन आला तर बिशपला त्याच्याबरोबर भाकर मोडून खावी लागते. त्याला नाही म्हणता येत नाही.

आठवड्याच्या उपासांपेक्षा मोठा गुंता ईस्टरच्या आधीच्या उपासाचा. वल्हांडणाच्या वेळी येशूचा मृत्यू झाला, म्हणून त्या सुमाराला उपास करायचा, इथवर सगळ्यांचं एकमत. किती दिवस, यावर मात्र दुसऱ्या शतकातच चार मतं होती. इ.स. १९०च्या आसपास ईस्टरच्या तारखेवरून रोमचा बिशप व्हिक्टर आशिया मायनरच्या मंडळ्यांना वाळीत टाकायला निघाला. तेव्हा लिऑनचा बिशप इरिनेउस याने त्याला समजावणीचं पत्र लिहिलं. युसेबियसने लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात त्याचा भाग टिकून आहे. इरिनेउस म्हणतो, वाद केवळ तारखेचा नाही, उपासाच्या रीतीचाही आहे. कुणी एक दिवस करतात, कुणी दोन, कुणी अधिक, कुणी दिवस-रात्र धरून चाळीस तास. हे आजचं नाही, पूर्वजांपासून चालत आलं आहे, आणि तरी सगळे एकमेकांशी सलोख्याने राहिले. त्याचा पुढचा युक्तिवाद धीट आहे: उपासातला फरकच श्रद्धेतल्या एकीची साक्ष देतो. इतकं मोकळं वाक्य या विषयावर पुढची काही शतकं कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही.

तिसऱ्या शतकात दोन दिवसांचे सहा झाले. सिरियातली ‘दिदास्कालिया’ सांगते, सोमवार ते गुरुवार नवव्या तासाला भाकर, मीठ आणि पाणी. शुक्रवार-शनिवार कडक निर्जळी. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याला बॅसिलिडीस नावाच्या सहकाऱ्याने विचारलं की, उपास शनिवारी रात्री नेमका किती वाजता सोडायचा? कोंबडा आरवल्यावर की आधीच? उत्तरात डायोनिसियसने घड्याळ बाजूला ठेवून माणसांकडे पाहिलं आहे. सहाही दिवस पोटात काही न घेतलेला माणूस थकून जरा आधी जेवला तर त्याला बोल लावू नये, असं तो लिहितो. मग एक टोला येतो: काही जण पहिले चार दिवस चांगलंचुंगलं खाऊन घेतात, शेवटचे दोन दिवस तेवढे उपाशी राहतात आणि पहाटेपर्यंत तग धरला म्हणून मोठा पराक्रम केल्यासारखं मिरवतात.

सहाचे चाळीस कसे झाले, यावर अभ्यासकांत अजून एकवाक्यता नाही. जुनं मत असं की, ईस्टरचा उपास मागे मागे वाढत गेला. थॉमस टॅली या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली दुसरी बाजू जोरात मांडली: इजिप्तमध्ये एपिफनीच्या सणानंतर लगेच, येशूच्या रानातल्या चाळीस दिवसांच्या अनुकरणाने, एक स्वतंत्र उपास असे आणि तो पुढे ईस्टरच्या आधी आणून जोडला गेला. टॅलीचे पुरावे बरेच उशिराचे आहेत, त्यामुळे मला ते मत मोहक वाटलं तरी पचत नाही. निर्विवाद आहे ते एवढं की ३२५ सालच्या निकियाच्या परिषदेचा पाचवा नियम ‘चाळीस’चा उल्लेख सगळ्यांना ठाऊक असल्यासारखा करतो, आणि त्याआधी त्याचा धड पत्ता नाही. अलेक्झांड्रियाच्या अथानासियसची ईस्टरपत्रं पाहिली की बदल डोळ्यांसमोर घडताना दिसतो. ३२९च्या पत्रात सहा दिवसांचा उपास आहे. पुढच्या वर्षी चाळीस येतात. तरी लोक मनावर घेत नव्हते. मग रोमला हद्दपारीत असताना त्याने आपला मित्र सेरापिऑन याला कळवलं की, चाळीस दिवस पाळायला लाव, सारं जग उपास करत असताना इजिप्तच तेवढा जेवत बसला तर आपलं हसं होईल. धर्मशास्त्राचा आधार शोधण्याआधी ‘लोक काय म्हणतील’ हा आधार त्याला पुरला.

चाळीस हा आकडा ठरला तरी मोजणी ठरली नाही. ३८०च्या दशकात एगेरिया नावाची पश्चिमेकडची एक यात्रेकरू जेरुसलेमला जाऊन राहिली आणि घरच्या भगिनींना तिने लांबलचक वर्णन लिहून पाठवलं. त्या मजकुराची एकमेव प्रत १८८४ साली इटलीतल्या आरेझ्झो इथे सापडली. एगेरिया लिहिते, आमच्याकडे ईस्टरआधी चाळीस दिवस पाळतात, इथे आठ आठवडे. शनिवार-रविवार उपास नसतो. पाच दिवसांचे आठ आठवडे म्हणजे चाळीस, आणि पुण्य शनिवारचा एक धरून एक्केचाळीस. काही जण रविवारी दुपारआधी जेवले की थेट पुढच्या शनिवारी सकाळी जेवतात. ज्यांना ते झेपत नाही ते मध्ये गुरुवारी जेवतात, कुणी एक दिवसाआड, कुणी रोज संध्याकाळी. भाकर नाही, तेल नाही, झाडाची फळं नाहीत. पाणी आणि पिठाची पातळ पेज, बस्स. आणि ती मुद्दाम नोंदवते की, कुणी किती करावं याची सक्ती नाही. जास्त करणाऱ्याची वाहवा नाही, कमी करणाऱ्याला नावं ठेवणं नाही. एगेरिया आल्या-गेल्या प्रत्येक गोष्टीने भारावून जाणारी बाई आहे, तेव्हा जेरुसलेममध्ये खरंच कुणी कुणाला नावं ठेवत नव्हतं का, याची मला शंका आहे.

पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा इतिहासकार सॉक्रेटिस (विषाचा प्याला घेणारा तो वेगळा) प्रांतोप्रांतीच्या रीतींची जंत्रीच देतो. कुठे तीन आठवडे, कुठे सहा, कुठे सात. कुणी जीव असलेलं काहीच खात नाहीत. कुणी मासे खातात. कुणी माशांबरोबर पक्षीही खातात, कारण मोशेच्या म्हणण्याप्रमाणे पक्षी पाण्यातूनच निर्माण झाले! कुणी अंडी आणि फळं वर्ज्य करतात, कुणी नुसती सुकी भाकर खातात, तर कुणी तीन वाजेपर्यंत कडकडीत राहून मग काहीही खातात. रोमविषयीचा त्याचा तपशील चुकलेला दिसतो, पण त्याचा निष्कर्ष खरा आहे: याबद्दल लेखी आज्ञा कुणीच दाखवू शकत नाही, म्हणजे प्रेषितांनी ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं होतं. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने रोमचा हिशेब लावून दाखवला. सहा आठवडे, रविवार वजा जाता छत्तीस दिवस, वर्षाचा दशांश. तो झाला देवाचा वाटा. छत्तीस आणि चाळीस यांच्यातली चार दिवसांची तूट ग्रेगरीनंतर भरून काढली गेली, ती त्याआधीच्या बुधवारपासून सुरुवात करून. वसईच्या चर्चमध्ये आज प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, त्या बुधवारामागे ही वजाबाकी आहे.

उपासावरचं खरं महाभारत मात्र कार्थेजमध्ये झालं, तिसऱ्या शतकाच्या आरंभी, आणि ते तर्तुलियन नावाच्या एकट्या लेखकाने केलं. फ्रिजियात माँटानस आणि प्रिस्का, मॅक्सिमिला या दोन संदेष्ट्री स्त्रियांनी नव्या भाकितांची चळवळ सुरू केली होती. माँटानसने उपासाचे कायदे केले, हा त्याच्यावरचा एक मुख्य आरोप होता. तर्तुलियन त्या पंथाकडे झुकला आणि त्याने ‘उपासाविषयी’ नावाचं पुस्तक बाकीच्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध लिहिलं. आता भांडण नेमकं कशाचं, ते पाहिलं की हसू येतं. माँटानिस्ट बुधवार-शुक्रवारचा उपास तीनला न सोडता संध्याकाळपर्यंत ओढत. वर्षात दोन आठवडे, तेही शनिवार-रविवार सोडून, रसदार काही न खाता सुकं अन्न खात. एवढंच. पण विरोधकांना त्यात नावीन्याचा वास आला. ते म्हणाले, ठरलेला उपास ईस्टरचा, बाकीचे ऐच्छिक. सक्ती केलीत की तुम्ही पुन्हा नियमशास्त्राच्या जोखडात शिरलात. शिवाय हे असलं वर्ज्यावर्ज्य इसिस आणि सिबेलीचे भक्तही करतात.

तर्तुलियनच्या उत्तराचा तोल जागोजागी सुटतो. आदामाने खाल्लं म्हणून सगळं बिघडलं, इथपासून तो सुरुवात करतो. मोशे, एलीया, दानीएल सगळ्यांना साक्षीला बोलावतो. हडकुळा माणूस अरुंद दारातून सहज जाईल, हलकं शरीर लवकर उठेल, इथपर्यंत पोचतो. मग तो प्रिस्टिनस नावाच्या एका ख्रिस्ती कैद्याची गोष्ट काढतो. तर्तुलियनच्या म्हणण्याप्रमाणे बाहेरच्या बंधुजनांनी त्याला तुरुंगात इतकं खाऊपिऊ घातलं, आणि शेवटच्या दिवशी औषध घातलेली दारू इतकी पाजली, की छळ करणाऱ्यांनी नख्या लावल्या तेव्हा प्रभू कोण, हे त्याला सांगताच आलं नाही; उचक्या आणि ढेकर तेवढे निघाले. गोष्ट खरी असो वा तिखटमीठ लावलेली, मेलेल्या माणसाची अशी टिंगल करणारा लेखक उपासाच्या बाजूने उभा आहे, हे उपासाचं दुर्दैव. याच तर्तुलियनने पूर्वी प्रार्थनेवर लिहिताना एक समंजस तोड काढली होती. उपासाच्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर खाल्ली तर उपास मोडेल, या भीतीने काही जण उपासनेलाच येत नसत. तो म्हणाला, या, भाकर घ्या, घरी न्या आणि उपास सुटल्यावर खा. प्रार्थनाही झाली, उपासही राहिला.

माँटानिस्टांच्या या प्रकरणाने चर्चची नजर तयार झाली. जास्त उपास करणारा माणूस दिसला की हा आमच्यातलाच ना, असा संशय येऊ लागला, आणि तो नेहमीच निराधार नव्हता. देह आणि सृष्टी वाईट आहे असं मानणारे पंथ मांस आणि मद्य कायमचं सोडत. मनी या धर्मसंस्थापकाचे अनुयायी रविवारी उपास करत. चर्चमध्ये रविवारी, म्हणजे पुनरुत्थानाच्या दिवशी, उपास करणं हा गुन्हा मानला जाई. ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या पन्नास दिवसांतही उपासाला मनाई. ३१४च्या अंकिरा परिषदेने ठरवलं की, मांस न खाणाऱ्या पुरोहितांनी एकदा तरी ते चाखून दाखवावं. मांसाबरोबर शिजलेली भाजीसुद्धा नको इतकी किळस असेल तर पद सोडावं. न खाण्याची मुभा होती. खाणं पाप आहे असं मनात असण्याची नव्हती. चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गांग्रा इथल्या परिषदेने सेबास्तेच्या युस्ताथियसच्या अनुयायांवर नियमांची सरबत्ती केली. ते विवाहाला तुच्छ लेखत, रविवारी उपास करत आणि चर्चचे नेमाचे उपास मात्र धुडकावत. ३८० साली झारागोझाच्या परिषदेने रविवारचा उपास पुन्हा निषिद्ध ठरवला, तो वैराग्यवादी पुढारी प्रिसिलियनच्या मंडळींना समोर ठेवून. पाच वर्षांनी प्रिसिलियनचा त्रिअर इथे शिरच्छेद झाला, जादूटोण्याच्या आरोपावरून. स्पेनमधल्याच एल्विराच्या परिषदेचा त्याआधीचा एक नियम या सगळ्या तलवारबाजीत सुखद वाटतो: दर महिन्याला लांबवलेला उपास करावा, जुलै आणि ऑगस्ट सोडून, कारण काहींना तो सोसत नाही. आंदालुसियातला उन्हाळा त्या बिशपांनी सोसलेला होता.

इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंना उपासाचे विक्रमवीर समजण्याची पद्धत आहे. त्याला कारणही आहे. अँथनी सूर्यास्तानंतर एकदाच जेवायचा, कधी दोन दिवसांनी, कधी चारांनी. भाकर, मीठ, पाणी. पण साधूंच्या आठवणींचे जे संग्रह आहेत त्यांत विक्रमापेक्षा विक्रमाची खोड मोडण्याच्या गोष्टी जास्त आहेत. अब्बा पोइमेन सांगतो, तरुणपणी आम्ही दोन-दोन, चार-चार दिवस, आठवडाभरही उपाशी राहून पाहिलं. शेवटी वडीलधाऱ्यांना हेच बरं वाटलं की रोज जेवावं, पण पोटभर जेवू नये. वाळवंटात राहून आलेल्या जॉन कॅसियनने तिथलं प्रमाण टिपून ठेवलं आहे: दिवसाला दोन छोट्या सुकवलेल्या भाकरी, मिळून जेमतेम एक रोमन पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम. हेरॉन नावाच्या साधूची हकिकतही तो सांगतो. पन्नास वर्षं वाळवंटात काढलेला हा माणूस ईस्टरच्या दिवशीही इतरांबरोबर जेवायला येईना, कारण चार घास जास्त खाल्ले तर नेम मोडेल. शेवटी आपल्या पुण्याईमुळे आपल्याला काही होणार नाही, या भ्रमात त्याने विहिरीत उडी घेतली.

पाहुणा आला की उपास सुटलाच पाहिजे, याबाबत वाळवंटात दुमत नव्हतं. पॅलेस्टाइनहून गेलेल्या कॅसियनने विचारलं, तुम्ही आमच्यासाठी उपास का मोडता? म्हातारा साधू म्हणाला, उपास माझ्यापाशी कायम आहे, तुम्ही थोडेच कायम राहणार आहात. स्केटिसच्या वस्तीत एकदा सगळ्यांनी आठवडाभर उपास करायचं ठरलं. नेमके त्याच आठवड्यात अब्बा मोशेकडे पाहुणे आले. हा मोशे इथिओपियाचा, पूर्वाश्रमीचा दरोडेखोर. त्याने त्यांच्यासाठी थोडं शिजवायला ठेवलं, धूर निघाला, शेजाऱ्यांनी तक्रार केली. शनिवारी सभेपुढे पुरोहितांनी निवाडा दिला: मोशे, तू माणसांची आज्ञा मोडलीस आणि देवाची पाळलीस. सायप्रसच्या स्पिरिडॉन बिशपची गोष्ट इतिहासकार सोझोमेन सांगतो ती याच घराण्यातली. ऐन चाळीसाच्या उपासात दमलेला वाटसरू दारी आला. घरात ना भाकर ना पीठ, खारवलेलं डुकराचं मांस तेवढं होतं. बिशपने ते मुलीकडून शिजवून घेतलं, आधी स्वतः खाल्लं आणि पाहुण्याला आग्रह केला. मी ख्रिस्ती आहे, मला चालणार नाही, असं पाहुणा म्हणाला. बिशप म्हणाला, ख्रिस्ती आहेस म्हणूनच चालेल.

शहरातल्या घरंदाज स्त्रियांनी वाळवंटाचं अनुकरण केलं तेव्हा मात्र त्यांना सावरायला असा म्हातारा साधू जवळ नव्हता. ३८४ साली रोममध्ये ब्लेसिला वारली. पॉलाची मुलगी, विशीतली विधवा, बायबलपंडित जेरोमची शिष्या. तापातून उठल्यावर तिने वैराग्य पत्करलं आणि काही महिन्यांतच ती गेली. अंत्ययात्रेत पॉला शुद्ध हरपून पडली तेव्हा गर्दीत कुजबुज झाली की, पोरगी उपासांनी मारली, या साधूंना शहराबाहेर हाकला. हे आपल्याला कळतं ते खुद्द जेरोमच्या पत्रातून. ते पत्र त्याने पॉलाला लिहिलं, आणि त्यात आईच्या रडण्यावर तो रागावला आहे. पत्र विद्वत्तेने भरलेलं आहे, आणि ते वाचून जेरोमविषयीचा माझा आदर कमी झाला. पुढच्या वर्षी त्याने रोम सोडलं. पुढे लेटा नावाच्या स्त्रीला तिच्या मुलीच्या संगोपनाविषयी लिहिताना कोवळ्या वयात अतिरेकी उपास मला पसंत नाहीत, असं तोच सांगतो. अनुभवाने शहाणपण आलं असावं. पण रोमचाच जोविनियन नावाचा साधू जेव्हा म्हणाला की, देवाचे आभार मानून जेवणारा आणि उपास करणारा यांच्या योग्यतेत फरक नाही, तेव्हा पोप सिरिसियसने आणि मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला बहिष्कृत केलं, आणि जेरोमने ३९३ साली दोन खंड भरून त्याच्यावर आग ओकली. उपासाची अतिशयोक्ती करणाऱ्याला चर्च आवरत होतं, तसं त्याची किंमत शून्य करणाऱ्यालाही सोडत नव्हतं. अभ्यासक टेरेसा शॉ यांनी दाखवलं आहे की, या साऱ्यामागे त्या काळचं वैद्यकही होतं: अन्नाने देहात उष्णता आणि ओलावा वाढतो, त्यातून वासना, म्हणून देह सुकवा आणि थंड करा. जेरोम तरुण मुलींना मद्यापासून दूर राहा म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी बायबल आहे आणि डोक्यात वैद्य.

साध्या गृहस्थाश्रमी लोकांचं काय चाललं होतं, ते प्रवचनांतून डोकावतं. कप्पदोकियाचा बासिल उपासाची थोरवी गाताना सांगतो की, उपास एदेन बागेइतका जुना आहे, आणि उपासाच्या काळात जनावरं मरत नाहीत, खाटकाचा सुरा स्वस्थ असतो. लगेच तो श्रोत्यांना झापतो: उद्यापासून उपास, म्हणून आज पिऊन घ्यायचं? श्रावणाच्या तोंडावर गटारी साजरी करणाऱ्यांना हे प्रवचन वेगळं समजावून सांगायला नको. अंत्युखियात ३८७च्या उपासकाळाच्या तोंडावर करवाढीवरून दंगल झाली, जमावाने सम्राट थिओडोसियसचे पुतळे पाडले, आणि सूड कोसळणार या भीतीने शहर चर्चमध्ये गोळा झालं. योहान क्रिसोस्टोम तेव्हा तिथे पुरोहित होता. दिवसामागून दिवस प्रवचनं देताना त्याने विचारलं, मांस सोडलंत, पण भावाचे लचके तोडणं सोडलंत का? काही लोक जेवण झालं म्हणून लाजून प्रवचनाला येत नव्हते. त्याने त्यांना सांगितलं, जेवून या, पण या. उपास प्रकृतीमुळे राहू शकतो, ऐकायला प्रकृती आड येत नाही. याच माणसाने आदल्या वर्षी यहुद्यांच्या शरद ऋतूतल्या उपासांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर विखारी प्रवचनं दिली होती. तीनशे वर्षांपूर्वी दिदाखेने वार बदलले, तरी अंत्युखियातले ख्रिस्ती शेजारच्या सभास्थानात जाऊन उपास करतच होते, असा त्याचा दुसरा अर्थ.

राहिला शनिवार. पूर्वेकडे शनिवारी उपास करायचा नाही; अपवाद ईस्टरआधीच्या एका शनिवारचा. रोममध्ये मात्र शनिवारी उपास असे. ऑगस्टीनची आई मोनिका आफ्रिकेहून मिलानला आली, तर तिथे शनिवारी लोक जेवत होते. ती बुचकळ्यात पडली. मुलाला तेव्हा या गोष्टींचं सोयरसुतक नव्हतं, पण आईसाठी तो अँब्रोजकडे गेला. अँब्रोज म्हणाला, मी रोमला गेलो की शनिवारी उपास करतो, इथे असलो की करत नाही. ज्या चर्चमध्ये जाल तिथली रीत पाळा. बिशप झाल्यावर ऑगस्टीनने ही गोष्ट दोन पत्रांत सांगितली. त्यातलं एक कासुलानस नावाच्या पुरोहिताला लिहिलेलं. शनिवारी जेवणाऱ्या साऱ्या जगाला शिव्या देणारं एक पत्रक रोमच्या कुणा गृहस्थाने लिहिलं होतं, त्याचे मुद्दे ऑगस्टीनने एकेक करून खोडले. पण पत्रक लिहिणाऱ्यांची जात संपली नाही. ६९२ सालच्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या त्रुल्लो परिषदेने रोमच्या चाळीसातल्या शनिवारच्या उपासाला नाव घेऊन मनाई केली आणि पुढच्याच नियमात शनिवार-रविवारी अंडी आणि चीज खाणाऱ्या आर्मेनियनांना दटावलं. ८६७ साली कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख फोटियस याने लॅटिन मिशनऱ्यांवर दोषारोपांची यादी काढली, तिच्या सुरुवातीलाच शनिवार होता. १०५३ साली ओह्रिदचा आर्चबिशप लिओ याने पाश्चात्त्यांविरुद्ध पत्र लिहिलं, त्यात बेखमीर भाकरीच्या बरोबरीने पुन्हा शनिवार आला. पुढच्याच वर्षी रोमच्या वकिलांनी हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्काराचा कागद ठेवला.